पाकिटातल्या कागदावर नसलेलं कारण

नागीण उठली, फोड आले, खपल्या धरून गळूनही गेल्या. पण बरगड्यांवरची आग काही थांबेना. अंगावरचा कपडा नुसता घासला तरी चटका बसावा, अशी. समजा, अशा एका अडुसष्ट वर्षांच्या बाईंना ओपीडीत डॉक्टरांनी तपासलं, रात्री झोपताना घ्यायची एक छोटी गोळी लिहून दिली, 'महिन्याने दाखवा' म्हणाले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावलं. घरी आल्यावर बाईंनी पाकिटातला घडीचा कागद उघडला. त्यावर छापलेलं होतं: हे औषध नैराश्यासाठी आहे.

आता त्यांच्या मनात दोनच गोष्टी येऊ शकतात. एक, दुकानदाराने भलतीच गोळी दिली. दुसरी जास्त लागणारी: 'डॉक्टरांना वाटतंय, माझं दुखणं मनाचं आहे.' दोन्ही वेळा गोळ्या खणात जातात आणि आग तशीच राहते.

गोळी बरोबर होती. तिचं नाव अमिट्रिप्टिलिन. नैराश्यासाठी तिची मात्रा साधारण ७५ ते १५० मिलिग्रॅम असते. मज्जातंतूंच्या वेदनेसाठी सुरुवात १० किंवा २५ मिलिग्रॅमने करतात, आणि डॉक्टर हे कित्येक दशकं करत आले आहेत. फक्त हे कारण बाईंना कुणी सांगितलं नव्हतं आणि कागदावरही ते नव्हतं. औषध ज्या कारणासाठी मंजूर झालं, त्याबाहेरच्या कारणासाठी ते लिहून देणं, याला वैद्यकात 'ऑफ-लेबल' म्हणतात. शब्द ऐकायला चोरट्या मालासारखा वाटतो. तसा तो नाही. पण निर्धास्त व्हावं असंही त्यात काही नाही, म्हणून तो नीट समजून घेतला पाहिजे.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. औषधाला रोगाचं नाव ठाऊक नसतं. गोळी पोटात विरघळते, रक्तात मिसळते आणि शरीरात जिथे जिथे तिच्या रेणूला बसायला जागा सापडते, तिथे जाऊन बसते. अमिट्रिप्टिलिन मेंदूत आणि मज्जारज्जूत नॉरअॅड्रेनॅलिन आणि सेरोटोनिन ही दोन रसायनं जास्त वेळ टिकवून ठेवतं. मन उभारी धरण्याशी त्यांचा संबंध आहे हे खरं. पण मेंदूकडून खाली मज्जारज्जूत उतरणारे, वेदनेचा संदेश मंद करणारे मार्गही याच रसायनांवर चालतात. म्हणजे गोळीचं काम एकच, त्याचा उपयोग मात्र दोन ठिकाणी. 'नैराश्याची गोळी' हे नाव आपण दिलेलं आहे.

मग लेबल म्हणजे काय? बाटलीवर चिकटवलेला कागद, एवढाच त्याचा अर्थ नाही. औषध नियामकाने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी यंत्रणेने, मान्य केलेला तो संपूर्ण मजकूर असतो: कोणत्या रोगासाठी, कोणत्या वयात, किती मात्रा, तोंडाने की सुईने, किती दिवस, कुणाला अजिबात देऊ नये. कंपनी एक दावा घेऊन येते, त्याच्या बाजूने चाचण्यांचे आकडे मांडते, आणि नियामक तो दावा तपासून 'मान्य' किंवा 'अमान्य' म्हणतो. ज्या दाव्याबद्दल कुणी विचारलंच नाही, त्याबद्दल नियामक काहीच म्हणत नाही. लेबलवर एखाद्या आजाराचं नाव नाही याचा अर्थ 'तिथे औषध चालत नाही' असा होत नाही, आणि 'तिथे चालतं' असाही नाही. तपासाचा निकाल नाही, एवढंच त्यातून कळतं.

हा तपास कुणाच्या हौसेने सुरू झालेला नाही. थॅलिडोमाइड हे औषध १९५७ साली पश्चिम जर्मनीत झोपेसाठी बाजारात आलं आणि गरोदरपणातल्या मळमळीवरही दिलं जाऊ लागलं. १९६१ च्या अखेरीस ते मागे घेईपर्यंत दहा हजारांहून अधिक बाळं हातपाय अपुरे घेऊन जन्माला आली होती. त्या धक्क्यानंतर, १९६२ साली अमेरिकेने कायदा बदलला: औषध सुरक्षित आहे एवढं पुरे नाही, ते सांगितलेल्या आजारावर चालतं हेही चाचण्यांनी दाखवा. आज आपण ज्याला लेबल म्हणतो त्याचं वजन तिथून आलं.

आणि तरीही त्याच थॅलिडोमाइडची पुढची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९६४ साली जेरुसलेममध्ये जेकब शेस्किन या डॉक्टरांच्या देखरेखीखाली एक कुष्ठरोगी होता. अंगभर दुखऱ्या गाठी उठवणाऱ्या एका प्रतिक्रियेने तो तळमळत होता, झोप नव्हती. झोप लागावी म्हणून त्याला थॅलिडोमाइड दिलं, आणि झोपेबरोबर त्या गाठीही ओसरू लागल्या. या उपयोगाला अमेरिकेत मंजुरी मिळाली १९९८ साली, गर्भधारणा होऊ नये म्हणून अत्यंत कडक अटी घालून. निरीक्षण आणि शिक्का यांच्यात चौतीस वर्षं गेली. त्या मधल्या काळात एखाद्या रुग्णाला हे औषध देणारा डॉक्टर बेजबाबदार होता का? मला तसं म्हणता येत नाही. पण ज्या औषधाने एवढा अनर्थ केला ते हाती घेताना त्याने काय काय सांभाळायला हवं होतं, हा प्रश्न मात्र रास्त आहे.

कागद वास्तवाच्या मागे का राहतो, याचं मुख्य कारण पैसा आहे. लेबलवर नवं कारण चढवायचं तर नव्या चाचण्या हव्यात, आणि त्या महाग असतात. औषधाचं पेटंट संपलं की अनेक कंपन्या तीच गोळी स्वस्तात बनवतात. मग एकीने खर्च करून नवा उपयोग सिद्ध केला, तरी फायदा सगळ्यांना वाटला जाणार. त्यामुळे कुणीच पुढे येत नाही. अमिट्रिप्टिलिनला अमेरिकेत १९६१ साली मंजुरी मिळाली, आणि तिथल्या लेबलवर आजही मोठ्या माणसांमधलं नैराश्य हेच कारण आहे. युरोपच्या नियामकाने मात्र २०१७ साली देशोदेशीच्या लेबलांतली तफावत दूर करताना मज्जातंतूंची वेदना आणि मायग्रेनचा प्रतिबंध ही कारणं त्यात घेतली. म्हणजे तीच गोळी, तीच मात्रा, तीच नागिणीनंतरची आग. समुद्राच्या एका काठावर ऑफ-लेबल, दुसऱ्या काठावर लेबलप्रमाणे. यात गोळीही बदलली नाही आणि आजारही.

वेगळा आजार हा ऑफ-लेबलचा एकच प्रकार झाला. मोठ्यांसाठी मंजूर गोळी लहान मुलाला देणं, मंजूर मात्रेहून कमी-जास्त देणं, काही आठवड्यांसाठी मंजूर असलेलं औषध वर्षानुवर्षं चालू ठेवणं, हे सगळं त्यातच येतं. शेवटचा प्रकार सर्वांत सहज घडतो आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही.

मुलांचं तर वेगळंच दुखणं आहे. चाचण्या बहुतेक प्रौढांवर होतात. गरोदर स्त्रिया आणि मुलं त्यातून वगळली जातात, आणि ज्यांना वगळलं त्यांच्याबद्दल लेबल गप्प राहतं. पण मुलं आजारी पडायची थांबत नाहीत. मग बालरोगतज्ज्ञ प्रौढांच्या माहितीवरून आणि आपल्या अनुभवावरून अंदाज बांधतात. हा अंदाज कुठे चुकू शकतो, हे १९५० च्या दशकाच्या अखेरीस क्लोरॅम्फेनिकॉलने दाखवलं. ते प्रतिजैविक नवजात बाळांना वजनाच्या हिशेबाने दिलं जात होतं, पण त्यांच्या यकृतात ते निकामी करण्याची ताकद अजून आलेलीच नव्हती. औषध रक्तात साचत गेलं, बाळं राखाडी पडली आणि त्यातली बरीच दगावली. नुसता वजनाचा भागाकार पुरत नाही, हे तेव्हा कळलं.

याच्या उलटही घडतं. फ्रान्समधल्या बोर्डो इथे एका बाळाच्या चेहऱ्यावर रक्तवाहिन्यांची लालभडक गाठ वाढत होती. हृदयाच्या तक्रारीसाठी त्याला प्रोप्रानोलॉल हे जुनं औषध सुरू केलं, आणि दुसऱ्याच दिवशी गाठीचा रंग उतरला, ती मऊ पडली. तिथल्या डॉक्टरांनी आणखी मुलांमध्ये तेच पाहिलं आणि २००८ साली ते प्रसिद्ध केलं. रीतसर चाचण्या झाल्या आणि २०१४ मध्ये मंजुरी आली. ऑफ-लेबल वापराची ही मला वाटणारी सर्वांत चांगली वाट: काहीतरी दिसलं, लिहून ठेवलं, इतरांना दाखवलं, तपासलं, मग कागदावर आणलं. दुर्दैवाने बहुतेक ऑफ-लेबल वापर या वाटेने जात नाही. तो 'आमच्याकडे असंच देतात' इथेच थांबतो.

किती थांबतो? अमेरिकेतल्या दवाखान्यांमधल्या २००१ सालच्या औषधवापराचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या १६० औषधांच्या वापरापैकी सुमारे २१ टक्के ऑफ-लेबल निघाला. त्यातल्या ७३ टक्के वापरामागे शास्त्रीय पुरावा अगदी थोडा होता किंवा नव्हताच. पहिला आकडा मला घाबरवत नाही, दुसरा घाबरवतो.

पुराव्याशिवायच्या वापरात काय होऊ शकतं, त्याचं टायगाबिन हे अस्वस्थ करणारं उदाहरण आहे. हे अपस्माराचं, म्हणजे झटक्यांचं औषध, इतर औषधांच्या जोडीला देण्यासाठी मंजूर झालेलं. मेंदूची उत्तेजना शांत करतं म्हणून ते मानसिक आजारांवर आणि वेदनेवरही दिलं जाऊ लागलं. विचार वरवर सरळ होता. पण ज्यांना आयुष्यात कधी झटका आला नव्हता अशा माणसांना ते घेतल्यावर झटके येऊ लागले, आणि २००५ साली अमेरिकी नियामकाला तसा इशारा द्यावा लागला. एक शक्यता अशी की अपस्माराचे रुग्ण त्याच्या जोडीला दुसरी औषधं घेत असतात, आणि त्यांनी औषधाची रक्तातली पातळी खाली राहते. चाचण्या त्या रुग्णांवर झाल्या होत्या. दुसऱ्या माणसांचं शरीर, दुसरी परिस्थिती, आणि तेच औषध वेगळं वागलं.

त्याच वर्षी दुसरा इशारा आला. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांची चिडचिड, आरडाओरडा आवरण्यासाठी त्यांना मनोविकारांवरची नवी औषधं सर्रास दिली जात होती. या वृद्धांवरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपेक्षा औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण सुमारे १.६ ते १.७ पट दिसलं. थकून गेलेल्या घरच्यांची काळजी खरी होती, डॉक्टरांचा हेतूही चांगला होता. तरीही आकडा तो आकडा.

हेतू चांगला नसतो तेव्हा काय होतं, तेही सांगायला हवं. बऱ्याच देशांत डॉक्टर आपल्या निर्णयाने ऑफ-लेबल औषध लिहू शकतात, पण कंपनीला त्याचा प्रचार करायला बंदी असते. ही सीमारेषा शहाणपणाची आहे: एका रुग्णाकडे बघून घेतलेला निर्णय वेगळा आणि विक्री वाढवण्यासाठी हजारो डॉक्टरांना दिलेला सल्ला वेगळा. गॅबापेन्टिन हे झटक्यांसाठी १९९३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं औषध. वॉर्नर-लॅम्बर्ट कंपनीने ते मंजूर नसलेल्या अनेक आजारांसाठी डॉक्टरांच्या गळी उतरवलं. त्यात द्विध्रुवी (बायपोलर) मनोविकारही होता, आणि तिथे ते उपयोगी नसल्याचं चाचणीत दिसलं होतं. २००४ साली कंपनीने गुन्हा कबूल केला आणि ४३ कोटी डॉलर भरले. हेच गॅबापेन्टिन नागिणीनंतरच्या वेदनेवर मात्र खरंच चालतं, आणि त्यासाठी २००२ मध्ये त्याला मंजुरीही मिळाली होती. औषध चांगलं की वाईट हा प्रश्नच अपुरा आहे. 'कशासाठी, कुणाला आणि कशावरून' असं विचारावं लागतं.

या 'कशावरून'चं मोल दाखवणारा एक अभ्यास कॅनडातल्या क्वेबेकमध्ये झाला. ४६ हजारांहून जास्त प्रौढ रुग्ण, सगळे बाहेरून येऊन उपचार घेणारे. लेबलप्रमाणे दिलेल्या औषधांमध्ये दुष्परिणामांचं प्रमाण दर दहा हजार रुग्ण-महिन्यांना (एका रुग्णाचा औषधावरचा एक महिना म्हणजे एक रुग्ण-महिना) १२.५ होतं. ऑफ-लेबलमध्ये ते १९.७ भरलं. एवढ्यावर थांबलो तर 'ऑफ-लेबल धोक्याचं' असं म्हणून मोकळं होता येईल. पण संशोधकांनी ऑफ-लेबलचे दोन भाग केले. भक्कम पुरावा असलेल्या वापरात आकडा १३.२ होता, म्हणजे लेबलप्रमाणे दिलेल्या औषधांएवढाच. भक्कम पुरावा नसलेल्या वापरात २१.७. धोका लेबल ओलांडण्यात नव्हता, पुराव्याविना ओलांडण्यात होता.

हे त्यांना कळलं कसं? तिथल्या संगणकीय पद्धतीत डॉक्टरांना प्रत्येक औषधासोबत ते देण्याचं कारण नोंदवावंच लागत होतं, आणि औषध थांबवलं तर थांबवण्याचं कारणही. माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. एरवी औषधाच्या चिठ्ठीवर काय असतं? नाव, मात्रा, वेळा, दिवस. कारण नसतं. आणि ओपीडीत त्या गाळलेल्या एका ओळीची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते.

वॉर्डात दाखल रुग्णाच्या पायथ्याशी नोंदींचा कागद असतो, परिचारिका चार वेळा डोकावते, काही बिघडलं तर तासाभरात कळतं. ओपीडीतला रुग्ण दहा मिनिटांनी दाराबाहेर जातो आणि पुढचा महिनाभर औषधाजवळ तो एकटाच असतो. सोबतीला पाकिटातला कागद, आणि तो तर दुसऱ्याच आजाराबद्दल बोलतो. पुढच्या वेळी टेबलामागे दुसरे डॉक्टर असतात. त्यांना चिठ्ठीत अमिट्रिप्टिलिन दिसतं; ते नैराश्य समजून मात्रा वाढवू शकतात, किंवा 'आता मूड बरा आहे' म्हणून बंद करू शकतात. बहुतेक वेळा ते तिसरंच करतात: 'आधीचं चालू ठेवा' असं लिहितात. खाज कमी व्हावी म्हणून किंवा चार रात्री झोप लागावी म्हणून सुरू केलेली गोळी अशी वर्षानुवर्षं चालू राहते. ती का सुरू झाली होती हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून ती थांबवायचं धाडसही कुणी करत नाही.

औषध दुकानातल्या फार्मासिस्टचीही हीच अडचण. चूक पकडणारी शेवटची नजर त्याची, पण कारण माहीत नसेल तर मात्रा बरोबर की चूक हे तो कशावरून ठरवणार? मेथोट्रेक्सेटचं उदाहरण घ्या. कर्करोगात ते मोठ्या मात्रेत देतात. संधिवातात, आणि ऑफ-लेबल म्हणून शरीर स्वतःवरच उलटणाऱ्या इतर काही आजारांत, थोडंसं, तेही आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतलं गेलं तर ते रक्तपेशी बनवणारी मज्जाच दाबून टाकतं, आणि त्यात माणसं गेलेली आहेत. चिठ्ठीवर 'सांधेदुखीसाठी, फक्त सोमवारी' एवढं जरी असलं, तरी डॉक्टर, फार्मासिस्ट आणि रुग्ण तिघांनाही रोजची गोळी खटकेल.

डॉक्टरांकडे वेळ नसतो, हे मी ऐकून आहे आणि दाराबाहेरची रांग पाहिली की पटतंही. पण इथे भाषण द्यायचं नाही. 'हे नैराश्याचं औषध म्हणून ओळखलं जातं, कागदावरही तसंच लिहिलेलं असेल. तुम्हाला मी ते नसांच्या आगीसाठी, अगदी कमी मात्रेत देतोय. परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतील.' वीस सेकंद लागतात. यातलं शेवटचं वाक्यही तितकंच मोलाचं, कारण दोन दिवसांत फरक नाही म्हणून सोडलेल्या गोळ्या कमी नाहीत.

रुग्णाने काय विचारावं? 'हे कशासाठी आहे?' यापासून सुरुवात करावी, आणि उत्तर चिठ्ठीवर लिहून मागावं. त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. मग: 'या आजारासाठी हे नेहमी देतात का, की आधीची औषधं लागू पडली नाहीत म्हणून करून पाहताय?' दोन्ही उत्तरं प्रामाणिक असू शकतात, पण दुसऱ्या उत्तरात जास्त बारीक लक्ष ठेवावं लागतं, तपासण्या आणि पुढची तारीख पक्की करावी लागते. आणि 'फरक पडला नाही तर कधी थांबवायचं?' हा प्रश्न तर सुरुवातीलाच विचारावा. गुण नसेल तर केव्हा थांबायचं हे आधी ठरलेलं नसेल, तर ते पुढे सहसा ठरतच नाही. आरोग्यविम्यातून खर्च मिळणार असेल तर तिथेही एकदा विचारून ठेवावं. लेबलबाहेरच्या वापराला विमा कंपन्या नकार देऊ शकतात.

एक गैरसमज इथेच दूर करतो. कारण वेगळं म्हणून कागदावरचे इशारे रद्द होत नाहीत. अमिट्रिप्टिलिनची गोळी वेदनेसाठी घेतली तरी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, सकाळी गुंगी राहते. काचबिंदू असेल, प्रोस्टेट वाढल्यामुळे लघवी अडत असेल, हृदयाचे ठोके अनियमित असतील, तर कमी मात्रेतही डॉक्टरांना ते सांगायलाच हवं. वयस्क माणूस रात्री उठताना तोल जाऊन पडू शकतो. म्हणून कागदाचा 'उपयोग' हा भाग तुमच्यासाठी लागू नसेल, पण 'कुणी घेऊ नये' आणि 'दुष्परिणाम' हे भाग पूर्ण लागू आहेत. आणि कागद वाचून घाबरून औषध एकदम तोडू नये. गॅबापेन्टिन आणि अमिट्रिप्टिलिनसारखी औषधं बरेच दिवस घेतल्यावर अचानक बंद केली तर त्रास होऊ शकतो. ती पायरीपायरीने उतरवावी लागतात. आधी फोन करा, विचारा.

त्रास झालाच, तर तो डॉक्टरांना किंवा औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या केंद्राला कळवताना औषधाच्या नावाबरोबर ते कशासाठी घेत होतात हेही लिहा. टायगाबिनचे झटके उजेडात आले ते अशाच नोंदींमधून. झटका आलेल्या माणसाला अपस्मार कधीच नव्हता, हे त्या नोंदीत कुणीतरी लिहिलेलं होतं.